तुझ्या वर्षश्राद्धाला मी नव्हते

प्रिय माय,

तुझं वर्षश्राद्ध झालं. मी घरी नव्हते. मी हैदराबादला होते, दवाखान्यात, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर.

आत्या रोज तुझ्या फोटोशी बोलते. तिने तुला हे तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

वाक्यं लहान असतील. लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत माझ्या हातून सुरुवात निसटते, हे तुला माहीत आहे. कॉलेजात सर म्हणायचे, ही तुझी शैली आहे. शैली कसली? लहानपणी डोक्याला किरणांचा शेक दिला की माणूस असं लिहितो.

झालं ते असं. तिथी पंचांगाने दिली, तारीख दवाखान्याने दिली. दोन्ही एकाच दिवशी आल्या. तारीख बदलून मागितली असती तर थेट पावसाळ्यातली मिळाली असती. आणि मागच्या वर्षीची तारीख हुकलीच होती, कारण त्याच आठवड्यात तू गेलीस. तापाने! जिने मला मेंदूच्या गाठीतून बाहेर काढलं, ती साध्या तापाने जाते, याचा मला अजून राग आहे. कोणावर, ते ठरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती मी घरात कोणाला सांगितली नव्हती. गेला महिनाभर सकाळी उठल्यावर डोकं जड होत होतं. दुपारपर्यंत उतरायचं. पहिल्या वेळी असंच सुरू झालं होतं, आठवतं ना? मग मी पावसाळ्यापर्यंत कशी थांबणार होते?

दादाने सगळी तयारी केली होती. गुरुजींना सांगून ठेवलं होतं, नातेवाइकांना निरोप गेले होते. मी तारखेचं सांगितलं तेव्हा तो विहिरीवर होता. त्याने मोटार बंद केली. म्हणाला, "माय एकदाच मरते, सवू. वर्षश्राद्धबी एकदाच येते. तुही तपासणी काय, दर साल हाय."

बरोबर होतं त्याचं. मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर सुचायला वेळ लागतो. ते दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं. दादा बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दर साल हाय, म्हणूनच मी हाओ."

त्याने वर पाहिलं. "कायचं बोलून राह्यली तू?"

त्याच्यासाठी भांडण कालच संपलं होतं. मी त्याला आठवण करून दिली. मग त्याने जुडी जरा जास्तच घट्ट बांधली.

आत्या ओसरीवरून म्हणाली, "चांगली हिंडून फिरून राह्यली पोट्टी. बरं झालेलं दुखणं काऊन उकरता?"

हे वाक्य आत्याचं नव्हतं, माय. ते तुझं होतं. आपल्या घरात ते तूच आणलंस.

मी तिसरीत होते. सकाळी उठले की डोकं ठणकायचं, मग उलटी, मग दुपारी सगळं ठीक. बाबा म्हणाले, शाळेचा कंटाळा. आत्या म्हणाली, दृष्ट. गावच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी भिंतीला धरून चालायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा. तू मात्र माझी मान पाहिलीस. मी कोंबडीसारखी मान वाकडी करून बघते, असं तू म्हणालीस. वांगी तोडताना मी एका वांग्याच्या शेजारच्या हवेत हात घालत होते. मला दोन वांगी दिसत होती. तू टोपली तिथेच सोडलीस, मला पाठीवर घेतलंस आणि रस्त्यावर येऊन उभी राहिलीस. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथे गाठ सापडली, डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत.

गावात तू सांगितलंस, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डोळ्यांच्या ऑपरेशनचा व्रण मानेवर कसा आला, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. लोक चांगले आहेत आपले.

ऑपरेशननंतर मी बोलायची थांबले. मला सगळं कळत होतं. तू विचारायचीस, पाणी पाहिजे का, पाय चेपू का. शब्द माझ्या आत होता. तो तोंडापर्यंत यायचा नाही. डॉक्टरांनी तुला सांगितलं, त्या जागेच्या ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं, काही आठवड्यांत वाचा परत येते. तुझा त्यांच्यावर विश्वास होता, पण आठवडे जात होते. तू खाटेशी उभी राहून बासरच्या देवीला नवस बोललीस. वाचा तिच्या हातात. पोरीची वाचा दे, पोरीला पुन्हा तुझ्या पायाशी पाटीवर अक्षरं गिरवायला बसवीन.

पहिला शब्द 'माय' आला असता तर गोष्ट चांगली झाली असती. माझा पहिला शब्द होता, "मीठ."

दवाखान्याची खिचडी अळणी होती. त्याला मी काय करू! तू सगळ्या वॉर्डभर मीठ मागत फिरलीस. शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने पुडी दिली. त्या मुलीला माझ्याचसारखी गाठ होती. पुढच्या वर्षी ती गेल्याचं आपल्याला कळलं. तिचं नाव तू घरात कधी घेऊ दिलं नाहीस. मी ते विसरले नाही. मी खूप विसरते, पण ते नाही.

मग शेक सुरू झाले. रोज, डोक्याला आणि पाठीच्या कण्याला. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवायचे आणि तो टेबलाला खिळवायचे. हलायचं नाही. आई आत थांबायची नाही. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी तू दारात वाकलीस आणि म्हणालीस, "डोळे मिट अन् दुकान मांड. दुकान मांडून झालं का मी येतो."

आपलं बाजारातलं दुकान. आधी पोतं अंथरायचं. मागे वांगी, टमाटे, जड माल. पुढे पालेभाज्या. मिरची डाव्या हाताला, कारण गिऱ्हाईक मिरचीत हात घालतं. सगळ्यात शेवटी पाण्याचा शिपका. मी मुखवट्याच्या आत रोज दुकान मांडलं. पाण्याचा शिपका मारला की तू यायचीस. रोज जमून यायचं. ते कसं, मला आजही कळलेलं नाही.

शेकांनंतर सलाइनमधली औषधं. केस गेले. कानातले बारीक आवाज गेले, डावा कान तर जवळजवळ पूर्णच. चिमणी, कुकरची शिट्टी, मोबाईलची रिंग, हे माझ्यासाठी त्या वर्षी संपलं. पण गाठ गेली. हे मी कधी कमी लेखत नाही. गाठ गेली आणि मी राहिले.

आपण नवस फेडायला बासरला गेलो. मी नऊ वर्षांची, डोक्याला रुमाल, हात थरथरणारा. आजूबाजूला सगळी तीन-तीन वर्षांची पोरं आयांच्या मांडीवर. पुजारी तेलुगूत म्हणाले, अक्षराभ्यास एकदाच होतो. हिचा झालेला असेल. तू म्हणालीस, झाला होता, इथेच झाला होता. तुझी तेलुगू बाजारातली. भाव ठरवावा तशी तू त्यांच्याशी बोललीस. आणि मग मराठीतच सांगितलंस, "पहिली अक्षरं दवाखान्यात धुतल्या गेली, महाराज. आता नवी बसवा."

त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पाटी दिली.

रीत अशी की आईने मुलाचं बोट धरायचं. तू माझं बोट धरलंस. तुझा हात गच्च होता. मी म्हणाले, "हात सोड." तू सोडलास. माझी रेघ पाटीवरून निघाली ती थेट लाकडी चौकटीवर गेली. शेजारची एक बाई हसली. तू तिच्याकडे पाहिलंस फक्त.

इथपर्यंत तुझी एक चूक मला दाखवता येत नाही, माय. यानंतरची येते.

दवाखान्याने सांगितलं होतं, येत राहा. तू गेली नाहीस. नवस फिटला होता. देवीने दिलेलं पुन्हा मोजून पाहायचं नाही, हा तुझा कायदा. फेडलेल्या नवसाची विचारपूस करणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. तू बासरहून परतताना पुलावर नारळ फोडलास, मागे वळून पाहिलं नाहीस आणि मलाही पाहू दिलं नाहीस. त्यानंतर घरात कोणी हैदराबाद म्हटलं तरी तू उठून चुलीकडे जायचीस.

मी वाढायची थांबले. तू पाहत होतीस ना? माझ्या वर्गातल्या मुलींना साड्या आल्या, मला तिसरीतला फ्रॉक होत होता. उन्हाळ्यात मला थंडी वाजायची. मी वर्गात झोपायची. बाई म्हणायच्या, आळशी. पाढे संध्याकाळी यायचे आणि सकाळी नसायचे. गिऱ्हाइकाला मी परत किती द्यायचे ते ठरवेपर्यंत तो निघून गेलेला असायचा, आणि तू त्याच्यामागे बाजारभर पळायचीस.

एकदा तू आत्याला म्हणालीस, आणि मी उजव्या कानाने ऐकलं, "देवीनं वाचा देल्ली. उंची ठिवून घेतली. चालन."

देवीने उंची घेतली नव्हती, माय. शेकांनी घेतली होती. आणि वेळेत गेलो असतो तर त्यावर औषध होतं.

मी इंटरला, म्हणजे अकरावीत, असताना परीक्षेत भोवळ येऊन पडले. इचोड्याच्या दवाखान्यातल्या नर्सने मानेवरचा व्रण पाहिला. हे काय, म्हणाली. तू म्हणालीस, डोळ्यांचं ऑपरेशन. तिने तुला बाहेर नेलं. काय बोलली ते तू मला कधी सांगितलं नाहीस. पुढच्या आठवड्यात आपण हैदराबादच्या बसमध्ये होतो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी हिंदीत, सावकाश सांगितलं. गळ्यातली ग्रंथी मंद झाली आहे, त्यामुळे थंडी, त्यामुळे झोप. त्याची गोळी आहे, रोज घ्यायची, कायमची. वाढीचं द्रव्य मेंदूतून येणं बंद झालं होतं. त्याचं औषध होतं, पण आता हाडं मिटली आहेत, ती पुढे वाढत नाहीत. त्या म्हणाल्या, मोठ्या माणसाचा मेंदू पूर्ण झालेला असतो. लहान मुलाचा अजून बनत असतो. त्यावर शेक दिला तर गाठ जाते, पण जे बनायचं होतं त्यातलं काही बनायचं राहून जातं. काय राहिलं, ते पुढे वर्षानुवर्षं कळत जातं. म्हणून येत राहायचं. आणि मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात?

परतीच्या बसमध्ये तू काही खाल्लं नाहीस. मला वाटलं, ही आता पुन्हा कधी यायची नाही. निर्मल गाव मागे पडलं, आणि तू खिडकीकडे तोंड करून बोललीस.

"देवीले आपण दर साल भेटाले जातो. ते काय तिच्यावर भरोसा नाई म्हनून?"

मी म्हणाले, नाही.

"मंग झालं," तू म्हणालीस.

एवढंच. तू नारळ फोडलेला पूल एका वाक्यात परत ओलांडलास. त्यानंतर एकही वर्ष तू चुकू दिलं नाहीस. लग्नसराई असो, कापूस वेचायचा असो, बाबांचा पाय मोडलेला असो. ती उंची गेली ती गेली. मी तुला त्याबद्दल बोल लावते आहे, आणि लावणार. पण त्याच पत्रात हेही लिहिते आहे. आपली चूक कळल्यावर आपला देव न सोडता आपली वाट बदलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

कंडक्टर आठवतात? माझ्याकडे बघून ते अर्धं तिकीट फाडायचे. तू दर वेळी म्हणायचीस, "पुरं दे. मोठी हाय पोरगी." मी चिडायची. कशाला जास्तीचे द्यायचे? आता आपल्या राज्यात बायकांना बसचं तिकीट लागत नाही. अर्धं आणि पूर्ण हा प्रश्नच मिटला. तरी या वेळी कंडक्टरने विचारलं, सोबत कोण आहे, बाळा? मी आधार कार्ड दाखवलं. त्याने जन्माचं साल दोनदा वाचलं. मग मला 'मॅडम' म्हणाला. तू असायला हवी होतीस!

बाबा मला आदल्या दिवशी बसपर्यंत सोडायला आले. ते जा म्हणाले नव्हते आणि नको म्हणाले नव्हते. तू होतीस तेव्हाही त्यांचं असंच होतं. बस आली तेव्हा त्यांनी माझ्या हातात मिठाची पुडी दिली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "तिथं अळणी रायते ना."

त्यांना ते माहीत होतं. इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर बसले होते. शेजारी एक बाई होती, बेज्जूरकडची. तिची मुलगी आत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अंतर फार नाही. मग विचारलं, "कितवीत हाये बाई तू?" मी म्हणाले, मी शिकवते. आमच्या गावच्या मराठी शाळेत पहिलीला. मग तिला सगळं समजलं, आणि मला तिचं समजणं दिसलं. तिची मुलगीही वाचली तर अशीच होईल का, हे ती माझ्याकडे बघून ठरवत होती.

मी माझा उजवा कान तिच्याकडे केला. तिने हळूच विचारलं, "मंग तू बरी झाली ना?"

याचं उत्तर मला लगेच सुचलं. कारण ते मी वर्षानुवर्षं तयार करत होते. मी तिला सांगितलं, बरी झाले. रोज गोळी घेते, एका कानाने ऐकते, हळू वाचते, पडू नये म्हणून जिना धरून उतरते. बी.ए. व्हायला इतरांपेक्षा जास्त वर्षं लागली, पण झाले. शाळेत मुलं मला त्यांच्यातली समजतात, म्हणून ऐकतात. आणि मी तिला सांगितलं, ताई, गाठ निघाली, शेक संपले, नवस फिटला, की सगळे तुम्हाला सांगतील आता उकरू नका. तुम्ही येत राहा. पोरीची उंची दर वर्षी मोजून घ्या. कान तपासून घ्या. हे अविश्वासाचं काम नाही.

हे तुझंच होतं, माय. फक्त वेळेवर सांगितलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मला कळलं, कारण फोन हातात थरथरला. मागे सगळ्यांचे आवाज होते. पान वाढून झालं होतं. कावळा येत नव्हता. गुरुजी खोळंबले होते. आत्याने तिच्या परीने सगळं बोलून पाहिलं होतं, पोराबाळांचं करू, सणवार करू. कावळा बाभळीवर बसून होता. दादाचा आवाज उतरला होता. म्हणाला, "काय राह्यलं तिचं? तुले मालूम असन, सवू."

आतून माझं नाव पुकारलं. बाईने मला हाताने खूण केली, कारण मला ते ऐकू आलं नव्हतं. मी दादाला म्हणाले, "तिले सांग, सविता आत गेली."

तुझ्या कानातल्या बाळ्या मी घालते. मशीनमध्ये धातू चालत नाही. मी त्या काढून रुमालात बांधल्या आणि त्या बाईच्या हातात दिल्या. फोनही दिला. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तपासणीचं मशीन शेकांच्या मशीनसारखंच आहे. आत गेल्यावर कोणी नसतं. मी डोळे मिटले आणि पोतं अंथरलं. मागे वांगी, टमाटे. पुढे मेथी, पालक, चुका. मिरची डावीकडे. मशीन ठोकत होतं. माझं मांडून झालं तरी ते थांबलं नाही. मग मी दुकान मोडलं आणि पुन्हा मांडलं. शेवटी पाण्याचा शिपका मारला. दार उघडलं तेव्हा तू नव्हतीस. मी उठले, जिना धरून उतरावं तशी त्या टेबलावरून उतरले, आणि बाहेर आले.

डॉक्टर बाई म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी विचारलं, अम्मा कुठे आहे? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, सोबत कोण आलं? मी म्हणाले, कोणी नाही, मी आले.

मी त्यांना म्हटलं, सावकाश सांगा आणि माझ्याकडे बघून सांगा. त्यांनी तसं सांगितलं. सकाळचं डोकं जड होतं ते गोळी कमी पडत असल्याने. गोळी वाढवली आहे. जुनी गाठ परत आलेली नाही. पण एक ठिपका आहे. जिथे शेक दिले होते तिथे, मेंदूच्या आवरणावर. शेकांनंतर खूप वर्षांनी काहींना असं येतं. हळू वाढणारं असावं. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. वाढला तर काढायचा. मागच्या वर्षी आला असतात तर तेव्हा होता की नव्हता ते कळलं असतं, असंही त्या म्हणाल्या. बोल लावण्यासाठी नाही.

मी त्यांना हे सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मग मी त्यांना माझ्या शब्दांत सांगून दाखवलं. तू नेहमी तसं करायचीस.

मला भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला लिहू? पण मी बाहेर येऊन बाळ्या घातल्या आणि मिठाची पुडी फोडून जेवले.

घरी आले ती दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती. पाहुणे गेले होते. आत्या होती, दादा होता, बाबा गोठ्यापाशी होते. मी कोणाला आत बोलावलं नाही. ओसरीवर उभी राहून सांगितलं. मेंदूत गाठ होती, डोळ्यांत नव्हती. कॅन्सर होता. तो गेला. आता एक ठिपका आहे, तो दुसरा आहे. तो बघत राहायचा आहे. आपल्या घरात हे शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले. आत्याने कानावर हात ठेवला, मग काढला. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. कोंबड्या तेवढ्या खुराड्यात जात होत्या.

दादाने खाली पडलेला दोर उचलून खुंटीला अडकवला. मग विचारलं, सहा महिन्यांनी म्हणजे केव्हा? मी म्हणाले, पोळ्याच्या आसपास.

"मंग मी येतो संगं," तो म्हणाला.

माय, पोळ्याला! ज्याने कधी पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगं दुसऱ्याला रंगवू दिली नाहीत तो! मला त्याच्या जवळ जावंसं वाटलं. पण मी म्हणाले, "तू बैल पाह्य. बसपर्यंत ये."

या वेळी उत्तर त्याच दिवशी सुचलं.

मग मी कावळ्याचं विचारलं. दादाने मान हलवली. कावळा आलाच नाही. ऊन कलल्यावर गुरुजी म्हणाले, आता पान गाईला द्या. दिलं. आत्याला ते फार लागलं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, वयनीचा जीव कशात तरी अडकला, ते कोणालेच समजलं नाई.

बाबा गोठ्याच्या दारातून बोलले.

"अडकाले ती इथं होती कुठं?" ते म्हणाले. "तारीख होती ना काल. ती पोरीसंगं गेली."

आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

माय, हे खरं आहे का, मला माहीत नाही. मशीनचं दार उघडलं तेव्हा मी पाहिलं होतं. तू नव्हतीस. पण बाबांना मी ते सांगितलं नाही. तुला सांगते. तू नव्हतीस, आणि तरी माझं जमलं. यात तुला वाईट वाटण्यासारखं काही नाही. हात सोड म्हटल्यावर सोडलास, म्हणूनच हे झालं.

शाळेत मी मुलांचं बोट एका रेघेपुरतं धरते. मग सोडते. रेघ पाटीबाहेर गेली की त्यांच्या आया माझ्याकडे बघतात. मी त्यांना म्हणते, जाऊ द्या, परत येते.

म्हणून हे तुला वचन आहे. ठिपका वाढो की न वाढो, मी पोळ्याला जाणार. त्यानंतर जेव्हा बोलावतील तेव्हा जाणार. दुखण्याचं नाव घरात घेणार, बाजारात घेणार, विचारेल त्याला सांगणार. त्या बेज्जूरच्या बाईची मुलगी पुढच्या वर्षी बाकावर दिसली तर तिची उंची किती वाढली ते विचारणार. आणि पुढच्या वर्षी तुझी तिथी आणि माझी तारीख वेगवेगळ्या दिवशी आल्या, तर तुझं पान मी स्वतः वाढीन. खिचडीत मीठ बघून.

एकाच दिवशी आल्या, तर मी कुठे असेन ते तुला माहीत आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. माझंच आहे.

तुझी मोठी पोरगी,
सविता